अम्मींचा वुजू आणि आमचा गिझर

आमच्या मनमाडात वाहत्या पाण्याचा आवाज कोणी फार वेळ ऐकून घेत नाही. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ पाहण्यात ज्यांची वर्षे गेली ती ही माणसे. वागदर्डीच्या धरणात पाणी किती उरले याची चौकशी इथे घरातल्या आजाऱ्याची करावी तशी केली जाते. घरोघरी हौद, सिंटेक्स, पिंप, कळश्या. चुकून एखादी तोटी उघडी राहिली तर तीन खोल्यांतून तीन माणसे एकदम ओरडतात. बाहेरगावचे पाहुणे या सवयीला हसतात. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या थोरलीचा जीव याच सवयीने वाचला, म्हणून गिझरची हकीकत पाण्याच्या आवाजापासून सांगतो आहोत.

घरात आम्ही पाच माणसे. अम्मी, आम्ही दोघे, थोरली आणि धाकटा. अब्बा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि २०१९ साली गेले. त्यांच्या काळात गरम पाणी म्हणजे बंब. तांब्याचा, पोटातून उभी नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी आणि बाजूला पितळी तोटी. ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते त्यात जळायचे. बंब अंगणात असायचा. पहाटे चारला अम्मी उठून तो पेटवायच्या. त्यांची तहज्जुद, मग सगळ्यांची फजर, मग अब्बांची ड्यूटी, मग आमची शाळा. ज्याला त्याला बादली भरून ऊन पाणी मिळे. बंब तापायला वेळ लागतो आणि तहज्जुद थांबत नाही, त्यामुळे ज्या बाईने विस्तव केला तिचा वुजू मात्र रोज थंड पाण्याने झालेला असे. ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात यायला तीस वर्षे लागली.

बंब शेवटचा पेटला तो अब्बांच्या गुस्लसाठी. बोरीच्या पाल्याचे पाणी त्या दिवशी अंगणात तापले. नंतर अम्मींनी बंब चिंच लावून घासला, उलटा करून निथळला आणि जिन्याखाली नेऊन ठेवला. तांब्याचा भाव चढला की भंगारवाला दारात उभा राहतो. आम्हाला ऐकू आलेले नसते.

बंबानंतर रॉड आला. रॉडविषयी फार लिहिण्यासारखे नाही. स्वस्त वस्तू, आणि घरात लहान मूल असेल तर काळजाला घोर. बटण बंद न करता पाण्यात बोट घालून पाहण्याची खोड मोठ्यांनाही असते. धाकटा चालू लागला आणि एके दिवशी बादलीच्या कडेला धरून उभा राहिलेला दिसला, त्या दिवशी रॉड माळ्यावर गेला.

मग नोव्हेंबर २०२१ मध्ये आम्ही गॅसचा गिझर आणला. का आणला ते खरे सांगायला हवे. तो स्वस्त होता. वीजबिल वाढणार नव्हते. नळ उघडला की दोन सेलच्या जोरावर ठिणगी पडते आणि अर्ध्या मिनिटात वाफाळते पाणी येते, याची दुकानात मोठी गंमत वाटली होती. बसवायला आलेल्या मुलाने विचारले, कुठे लावू? बाहेरच्या भिंतीवर लावायचा तर पाण्याची पाइप वाढवावी लागणार होती, भिंतीला भोक पाडावे लागणार होते. आम्ही म्हणालो, आतच लाव. सिलिंडर बाहेर, गिझर आत. बाथरूम चार फूट बाय पाच फूट, वर वीतभर झरोका. सोबत आलेल्या पुस्तिकेत हवेशीर जागेत बसवावा असे चित्रासकट छापले होते. ती पुस्तिका आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर जपून ठेवली. अम्मींना काही विचारले नाही. गरम पाण्याबाबत त्यांना विचारायचे असते हेच आम्हाला माहीत नव्हते.

पहिला हिवाळा नीट गेला. दुसऱ्या हिवाळ्यात थंडी कडक पडली. निफाडची थंडी पेपरात येते. आम्ही तिथून काही फार लांब नाही. अंघोळ करताना झरोक्यातून पाठीवर वारा येतो म्हणून धाकटा रडायचा. आम्ही वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून झरोक्यात घट्ट बसवला. छान बसला. त्या रात्री आम्ही एकमेकांचे कौतुकही केले.

जुम्याचा दिवस होता. थोरलीची सकाळची शाळा. अम्मींचा वुजू झाला आणि लगेच पोरगी डोक्यावरून अंघोळीला आत गेली. कडी लावली. आम्हा दोघांपैकी एक जण कणीक मळत होता, एक जण अजून पांघरुणात. अम्मी मधल्या खोलीत फजर पढत होत्या. दुसरी रकात सुरू होती. आणि त्यांच्या कानावर पाणी पडत राहिले. मग वाजत नव्हता, बादली सरकत नव्हती, नुसते पाणी. आमच्या घरातल्या मुलीने पाणी असे वाहू दिले नसते.

अम्मींनी नमाज तोडली. आमच्या आठवणीत त्यांनी कधी नमाज तोडली नव्हती. भूकंपाच्या अफवेने सगळा मोहल्ला रस्त्यावर आला होता तेव्हाही त्या सलाम फेरूनच बाहेर आल्या होत्या. त्या दिवशी मुसल्ल्यावरून उठून त्या धावल्या आणि दार बडवत ओरडल्या, "पानी क्यूं बह रा? बेटा, पानी क्यूं बह रा?"

कडी जुनी होती, दोन लाथांत निघाली. थोरली भिंतीला टेकून खाली घसरलेली. गिझरची ज्योत जळत होती. आम्ही तिला चादरीत गुंडाळून अंगणात आणले. दोन-तीन मिनिटांनी तिने डोळे उघडले, मग उलटी झाली, मग डोके धरून रडू लागली. ती रडली तेव्हा आमच्या पायात बळ आले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "गॅसचा गिझर आहे का? आत?"

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्यापैकी एक जण विज्ञान शिकवतो. अपुऱ्या हवेत जळण झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, आणि माणसाला गुदमरल्याचे कळतही नाही, नुसती गुंगी येते. हे सगळे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून झालेले. मुलांकडून पाठ करून घेतलेले. "बे-रंग, बे-बू, जहरीली" असे तीन शब्द सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. बंबातही हाच वायू होत असणार, पण बंब उघड्या अंगणात होता आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबून आपण आलो आहोत असे सांगत होता. आमच्या नव्या यंत्राला धूर नव्हता, म्हणून आम्ही त्याला स्वच्छ म्हटले होते. नंतर वाचनात आले की गॅसवरचा पहिला गिझर १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉनने केला, आइसलंडच्या उकळत्या झऱ्यावरून त्याला नाव दिले, आणि त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. तेव्हाच्या माणसाला एक वेळ माफी आहे.

अम्मींनी ती फजर उन्हे वर आल्यावर कजा पढली.

गिझर त्याच दिवशी काढला. दुसऱ्याच आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ आले. म्हणाले, वर्षभरच वापरलेला आहे, पंधराशे देतो. पंधराशे रुपये आम्हाला हवे होते. दवाखान्याचे बिल ताजे होते. आम्ही म्हणू लागलो की बाबा रे, तो तुम्ही बाहेर मोकळ्यावर बसवा, खिडकी उघडी ठेवा, मग तसा धोका नाही. आणि ते खरेच आहे. गॅसचा गिझर उघड्या गॅलरीत, बाहेरच्या भिंतीवर बसवून वापरणारी कितीतरी घरे आहेत आणि सुखाने अंघोळी करताहेत. पण अम्मी मधल्या खोलीतून म्हणाल्या, "उनके बाथरूम में खिड़की है क्या, पूछो पहले." त्यांच्या बाथरूमला खिडकी नव्हती. अम्मींनी वरवंटा आणून बर्नर ठेचला आणि उरलेला पत्रा भंगारवाल्याला एकशेदहा रुपयांना गेला.

आता नवा घ्यायचा होता आणि आम्ही घाबरलेले होतो. घाबरलेला माणूस दुकानात गेला की त्याला सगळ्यात महाग वस्तू दाखवतात. म्हणून यावेळी दुकानाआधी आम्ही कागद-पेन्सिल घेतली. गणित आठवी-नववीचेच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते. हिवाळ्यात आमच्या टाकीतले पाणी १७-१८ अंशांचे, अंघोळीला ४० पुरते. म्हणजे १५ लिटरच्या बादलीला साधारण ३४५ किलोकॅलरी, म्हणजे ०.४ युनिट. पाच माणसांच्या पाच बादल्यांना रोज २ युनिट, महिन्याला ६०. वर थोडी गळती धरा. घरगुती बिलात १०० युनिटांच्या वर गेले की पुढचा दर चढतो, हे ध्यानात ठेवून आम्ही आकडा काढला. ज्या पैशांच्या भीतीने आम्ही विजेचा गिझर टाळला होता, तो आकडा आमच्या घरच्या महिन्याच्या चहा-साखरेच्या आसपास आला. हा हिशेब २०२१ मध्येही करता आला असता.

विजेच्या गिझरात दोन जाती. एक इन्स्टंट, तीन लिटरचा छोटा, ३ किलोवॅटचा. नाव इन्स्टंट असले तरी गणिताला नाव कळत नाही. ३ किलोवॅट म्हणजे मिनिटाला ४३ किलोकॅलरी, तेव्हा आमची एक बादली भरायला आठ मिनिटे, तीही नळ बारीक सोडून. जोरात सोडला तर कोमट पाणी. शिवाय तो १३ अँपिअर ओढणार. मोहल्ल्यातल्या वायरमन चाचांनी आमच्या बाथरूमची वायर दोन बोटांत धरून पाहिली आणि नुसते हसले. दुसरी जात साठवणीची. १५ लिटर, २ किलोवॅट. बावीस-तेवीस मिनिटांत पाणी ६० अंशांवर जाते आणि त्यात थंड पाणी मिसळले की अंघोळीजोगे २८ लिटर होते, म्हणजे दोन बादल्यांना थोडे कमी. दोन अंघोळी झाल्या की पुन्हा तापवायचे. आणि पहाटे वीज गेली तरी आधी तापलेले पाणी काही तास ऊन राहते. शाळेच्या दिवसांत याची किंमत ज्याला त्याला ठाऊक.

दुकानात गेल्यावर सगळे चांदण्या दाखवतात. पाच चांदण्यांचा घ्या, वीज वाचते. आम्ही चांदण्यांच्या मागे लागून इतके समजून घेतले की पाणी तापवण्यात सगळेच सारखे. घातलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होतेच. चांदण्या मोजतात ते तापलेले पाणी नुसते ठेवले तर चोवीस तासांत किती उष्णता बाहेर निघून जाते ते. ज्या घरात गिझर दिवसभर चालू ठेवतात तिथे पाच चांदण्यांनी पैसे वाचतील. जिथे पहाटे लावला आणि तासाभरात पाणी संपले, तिथे फरक थोडा. आम्ही तरी पाचाचाच घेतला. भीती होती, आणि अम्मी पहाटे तीनला लावून विसरतील असेही वाटले.

त्याहून महत्त्वाचे निघाले ते पाण्याचे. नळाला खंड पडला की आम्ही बोअरचे पाणी टाकीत घेतो आणि आमच्या भागात ते क्षारांचे. चहाच्या पातेल्याला पांढरे कडे धरते, तसेच गिझरच्या कॉइललाही धरते. मग कॉइल स्वतः तापते, पाण्याला उष्णता पोचत नाही आणि एके दिवशी जळते. टाकीत एक मॅग्नेशियमची कांडीही असते. ती कॉइलसाठी नाही, टाकीसाठी; लोखंडाऐवजी स्वतः झिजत जाते. दोन-तीन वर्षांनी उघडून पाहावी, खपाटीला गेली असेल तर बदलावी आणि त्याच वेळी कॉइलही घासून घ्यावी. कांडी बदलतात हे आमच्या ओळखीतल्या गिझरवाल्या चार घरांपैकी एकालाही माहीत नव्हते.

सोलरचा विचार सगळ्यात जास्त दिवस चालला. छत आहे, ऊन फुकट आहे, शंभर लिटरची टाकी घेतली की पाचही जणांचे भागते. पण शेजारच्यांचा तिसरा मजला दक्षिणेलाच चढला आहे. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो तेव्हा आमच्या छतावर दुपारपर्यंत सावली. शिवाय रत्नागिरीच्या खाला फोनवर म्हणाल्या की उन्हात तापलेल्या पाण्याने कोड उठते, आमच्या शाफई किताबांत ते मकरूह लिहिले आहे. आम्ही पेशइमाम साहेबांना विचारले. ते म्हणाले, किताबांत चर्चा आहे हे खरे, पण ज्या रिवायतीवर ती उभी आहे ती जईफ ठरली आहे, आणि खुद्द इमाम नववी, जे शाफईंचेच मोठे इमाम, त्यांनी ते पाणी मकरूह नसल्याचेच मत पसंत केले. खालांचे समाधान झाले की नाही, कळले नाही. त्यांनी विषय बदलला.

सोलर अखेर अम्मींनीच मोडीत काढला, आणि तोही एका लोट्यावरून. छतावरच्या टाकीपासून बाथरूमपर्यंत चाळीस फूट पाइप. रात्रभर त्यात पाणी थंड होऊन उभे राहणार. पहाटे नळ उघडला की आधी ते बाहेर येणार, मग गरम. आम्ही पाइपचा व्यास घेऊन हिशेब केला, सुमारे दोन लिटर. अम्मी म्हणाल्या, "दो लीटर में मेरा वुजू तीन बार होता." त्यांचे गणित आमच्याइतकेच पक्के होते. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एका मुद पाण्यात वुजू करीत, हे हदीसमध्ये आहे, आणि मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. मनमाडच्या बायकांनी ही सुन्नत पाळली, थोडी श्रद्धेने आणि थोडी नगरपालिकेमुळे.

पण लोट्याचा हा विषय निघाला म्हणून दुसरी गोष्ट उघड झाली. नवा गिझर कोणत्या भिंतीला, बटण कुठे, हे अम्मींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, बटण कुठेही लावा, मला कशाला लागते. गॅसचा गिझर असताना त्या दोन हिवाळे थंड पाण्यानेच वुजू करत होत्या! पहाटे चारला भक् करून ज्योत पेटते, पोरे जागी होतील, आणि एका लोट्यासाठी सिलिंडर कशाला. शिवाय थंडीत वुजू पुरा करण्याचा सवाब मोठा आहे, हे त्यांचे उत्तर तयार. हदीस आहेच. त्यावर आम्ही काय बोलणार? पेशइमाम साहेबांकडे दुसऱ्यांदा गेलो. ते म्हणाले, अम्मींना सांगा, मशक्कत आली तर सबर आहे, मशक्कत ओढवून आणणे हे दीन नाही. हजरत अम्र बिन आस यांनी जातुस्सलासिलच्या मोहिमेत कडक थंडीत जीव जाईल म्हणून तयम्मुम करून नमाज पढवली, तेव्हा हुजूर हसले होते, रागावले नव्हते. आम्ही घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. अम्मी म्हणाल्या, "उनके पास गिझर होता तो गरम पानी लेते ना." हा होकार होता की टोला, ते आम्ही विचारले नाही. बटण खाली, त्यांच्या हाताला येईल असे लावून घेतले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये १५ लिटरचा गिझर लागला. आयएसआयचा शिक्का पाहून, जाड नवी वायर टाकून, सोळा अँपिअरचे वेगळे बटण बाथरूमच्या बाहेर लावून. जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवून. चाचांनी मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारी पेटीही बसवायला लावली. तिची किंमत ऐकून आम्ही क्षणभर थबकलो आणि मग एकमेकांकडे पाहून गप्प बसलो. त्यांनी अर्थिंगचा खड्डा उघडून दाखवला. मीठ-कोळसा होता, पण माती खडखडीत कोरडी. "मिट्टी सूखी तो अर्थिंग मुर्दा," चाचा म्हणाले, "हफ्ते में एक-दो बार पानी डालो." पाणी! मनमाडात, जमिनीला पाजायला. त्यावरही अम्मींनीच तोड काढली. वुजूला बसताना त्या पायाशी घमेले ठेवतात आणि ते पाणी सकाळी त्या खड्ड्यात जाते.

बाथरूमची कडी आम्ही पुन्हा लावली नाही. आता आतून फक्त दोरीची गाठ आहे, बाहेरून ओढली की सुटते. झरोक्यातला पुठ्ठा काढला तो काढला. वारा येतो, धाकटा अजून कुरकुरतो. थोरली काही महिने दार किलकिले ठेवून अंघोळ करायची. ती आता मोठी झाली, दार लोटून घेते.

विजेच्या गिझरात काही जळत नाही, तो वायू होतच नाही, हे आम्ही अम्मींना चित्र काढून समजावले आहे. त्यांना समजले आहे. तरी पहाटे चारला बाथरूमकडे जाताना त्या आमच्या दारावर बोटाने दोनदा टकटक करतात. "मैं जा रई." आम्ही झोपेतच "हाँ, अम्मी" म्हणतो. परवा आम्हाला गाढ झोप लागली होती, उत्तर गेले नाही. जाग आली तेव्हा दाराच्या फटीतून लोट्याची सावली दिसत होती. अम्मी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी तिसऱ्यांदा टकटक केली.